होकायंत्राचं फूल



गोधडीवरचा आपला कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्रावर एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सांगितलंत ते सगळं खरं, पण बाप्या माणसानं कधी असं बारीक काम करत बसल्याचं ऐकलंय का हो? आमच्याकडं साधं बटण तुटलं तरी हाक मारतात." आम्ही खूप हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग शोधायला बसलो, आणि उत्तर सापडलं ते थेट समुद्रावर, शिडाच्या जहाजात. त्या उत्तराच्या पोटातून पुढं आणखी एक गोष्ट निघाली. तीच आज सांगायची आहे.

ऐकता ऐकता हातात एक कागद घ्या. मुलांच्या वहीतलं पाठकोरं पान चालेल, फक्त चौकोनी करून घ्या. मधोमध एक घडी घाला. आडवी दुसरी घाला. आता कोपऱ्यावर कोपरा आणून तिरकी तिसरी. घडीच्या कडेनं कात्रीचे दोन-चार कात्रे द्या आणि कागद उलगडा. गणपतीत, जत्रेत, लग्नघरी पताका लावताना आपण हे शंभरदा केलंय. पण आता मोजा. मधल्या टिंबापासून किती सारख्या वाटण्या झाल्या? आठ. पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य, म्हणजे आपल्या आठ दिशा. आणखी दोन घड्या घातल्यात तर बत्तीस वाटण्या होतील, कात्री मात्र चालणार नाही, कागद फार जाड होतो. हे आठ आणि बत्तीस ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहेत.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॅन्टकेट नावाचं एक बेट आहे आणि त्याच्या पलीकडं मुख्य जमिनीवर न्यू बेडफर्ड नावाचं बंदर. दीड-दोनशे वर्षांपूर्वी ही दोन्ही गावं देवमाशाच्या शिकारीवर जगत होती. त्या वेळी घरोघर रॉकेल पोचलेलं नव्हतं. दिव्यात जळायचं ते देवमाशाचं तेल. ते आणायला जहाजं निघत ती दोन-दोन, तीन-तीन, कधी चार वर्षांनी परत येत. १८५७ साली एकट्या न्यू बेडफर्डची ३२९ जहाजं या धंद्यात होती. त्यातलं एक, 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन', अजून शिल्लक आहे. १८४१ साली पाण्यात उतरलं, ८० वर्षांत ३७ सफरी केल्या, आणि आता कनेटिकट राज्यातल्या मिस्टिक या गावी लोकांना पाहायला ठेवलंय.

अशा जहाजावर तीसेक माणसं. मासा दिसला की दोन-तीन दिवस झोप नाही. मारायचा, ओढायचा, चरबी कढवायची. जहाजाच्या पाठीवरच विटांची भट्टी असायची. एका साध्या धंद्यापायी केवढे देवमासे संपवले त्यांनी, ते वाचताना अंगावर काटा येतो. पण मासा दिसलाच नाही तर? मग आठवडेच्या आठवडे काही काम नाही. चारी बाजूंना पाणी, बोलायला तीच ती माणसं. मजुरीही रोजावर नव्हती, हिश्श्यावर होती. कप्तानाला साधारण बारावा-पंधरावा हिस्सा आणि नवख्या पोराला दीडशेवा-दोनशेवा. त्यात वाटेत जहाजाच्या पेटीतून उधारीवर घेतलेली तंबाखू, सदरे, जोडे यांचे पैसे वजा. तीन वर्षांनी घरी येताना हातात पैसे कमी आणि देणंच जास्त, असंही व्हायचं.

या माणसांना सुई येत होती, हे आधी सांगून टाकतो. आली नाही तर भागतच नव्हतं. शीड फाटलं तर शिवायला दर्जी कुठून आणणार? दाभणासारखी जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि सुई रेटायला तळहातावर चामड्याचा पट्टा, अशी त्यांची सामग्री. कपडेही स्वतःच शिवायचे. इंग्रजांच्या आरमारात साध्या खलाश्यांना ठरलेला गणवेश १८५७ साली मिळाला. तोवर कापड घेऊन आपापलं बेतायचं आणि शिवायचं, अशीच रीत होती. त्यासाठी आठवड्यातला अर्धा दिवस मोकळा देत. शिलाई इतकी अंगवळणी पडलेली की पुढं हेच गडी लोकरीच्या धाग्यानं कापडावर आपल्या जहाजाचं चित्र भरायला लागले. शिडं, दोरखंड, निशाणं, एकेक दोरी मोजून. तेव्हा फोनवाल्या ताई, अर्धं उत्तर हे झालं. बटण लावता येत नाही असं काही नसतं, तशी वेळ यावी लागते.

आता शाई आणि कागदाकडं येऊ.

नकाशावर एका कोपऱ्यात दिशांचं फूल काढलेलं असतं, ते तुम्ही मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात पाहिलं असेल. दर्यावर्दी लोकांच्या नकाशात ते सहाशे वर्षांपेक्षा जास्त काळ आहे. १३७५ सालच्या एका प्रसिद्ध कॅटलन नकाशातसुद्धा ते आहे. खलाश्यांच्या भाषेत ते होकायंत्राचं गुलाब. आधी चार मुख्य पाकळ्या, त्यांच्यामध्ये चार, मग आठ, मग सोळा. सगळी टोकं मिळून बत्तीस. बघा, आपल्या पाच घड्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर सव्वाअकरा अंश. सुकाणूवर उभं राहायचं तर या बत्तीस दिशा पोराला तोंडपाठ हव्यात, सरळही आणि उलट्याही, आपल्या आज्यांना जशी पावकी-निमकी पाठ असायची तशा.

ज्याला नुसतं दोर ओढत राहायचं नव्हतं, पुढं मालिम किंवा कप्तान व्हायचं होतं, तो हिवाळ्यात गावातल्या नौकानयनाच्या मास्तरांकडं जायचा. तिथं एक वही करायची. पुस्तकं महाग, म्हणून गणितं, कोष्टकं, आकृत्या सगळं हातानं उतरवायचं. पिसाची लेखणी आणि शाई. मध्ये एखादं पान भरून होकायंत्राचं गुलाब. एक पाकळी काळी, एक कोरी, एक लाल, एक निळी. उत्तरेच्या टोकाला लिलीच्या फुलासारखी नक्षी. गणिताच्या गुणांसाठी एवढी सजावट कशाला हवी? नकोच होती. पण हात रमला की थांबत नाही, हे रांगोळी घालणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. अशा वह्या आज नॅन्टकेट, सेलम यांसारख्या बंदरांच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत.

सेलमचं नाव निघालंच आहे तर नॅथॅनिएल बाउडिच यांच्याबद्दल दोन शब्द. सेलमची जहाजं व्यापारासाठी पार आपल्या मुंबई-कलकत्त्यापर्यंत येत असत. बाउडिच तिथलेच. घरची गरिबी, दहाव्या वर्षी शाळा सुटली. पुढं स्वतः शिकून त्यांनी १८०२ साली नौकानयनावर असं पुस्तक लिहिलं की ते अमेरिकन जहाजांवर घरच्या पोथीसारखं झालं. त्यांची खरी गंमत अशी की जहाजावर ते अधिकाऱ्यांपुरतं शिकवत नसत, सगळ्यांना शिकवत. चंद्रावरून जहाज कुठं आहे ते काढायचं अवघड गणित त्यांच्या जहाजावरच्या स्वयंपाक्यालाही येत होतं. चुलीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला गणित येतं, यात आम्हाला तरी नवल वाटलं नाही. पीठ, पाणी आणि माणसं यांचा मेळ रोज कोण घालतं?

मालिमाकडं दोन टोकांचं कर्कटक असायचंच, नकाशावर अंतर मोजायला. त्याच कर्कटकानं रिकाम्या वेळी एक फूल काढायचं. वर्तुळ काढा, पाय तेवढाच ताणलेला ठेवून त्याच वर्तुळावर टोक फिरवत जा. बरोबर सहा पावलांत परत पहिल्या जागी याल, ना कमी ना जास्त. प्रत्येक पावलाला कमान मारली की सहा पाकळ्यांचं फूल तयार. तुमच्या मुलीनं कंपासपेटीतल्या कर्कटकानं पाटीवर, बाकावर हे काढलंच असेल. खलाशी ते कागदावर काढत, पेटीच्या झाकणावर कोरत आणि देवमाशाच्या हाडाच्या पट्टीवरही. ती पट्टी कशाची? तेव्हाच्या बायका पोट-कंबर आवळणारी चोळी घालत, तिच्यात पुढून ताठपणासाठी एक लांब पट्टी सरकवलेली असायची. हाडावर टोकदार सुईनं रेघा मारायच्या, मग दिव्याची काजळी तेलात कालवून वर चोळायची आणि फडक्यानं पुसायची. रेघेत काळं राहतं, बाकी हाड पांढरं. काजळ कसं धरतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही शाईही ठाऊक आहे. नवरा नाहीतर होणारा नवरा तीन वर्षं दूर राहणार, आणि त्याच्या हातचं सहा पाकळ्यांचं फूल हिच्या छातीशी. करंजीची कड कातरायची फिरकी, सुताची लड धरणारं उलगडतं चक्र, सुया ठेवायची डबी, हेही असंच हाडातून करून आणत. सगळं बायकांच्या हाताला लागणारं.

जहाजाच्या रोजनिशीतही शाईचं काम असायचं. त्या दिवशी मासा मारला तर समासात देवमाशाचा छोटा शिक्का. शिक्के लाकडाचे, हाडाचे, तिथंच कोरलेले. माशाच्या पोटात एक कोरी जागा ठेवलेली असे, तिच्यात किती पिंपं तेल निघालं तो आकडा लिहायचा. मासा निसटला तर नुसत्या शेपटीचा शिक्का. काही पानांवर शेपट्याच शेपट्या दिसतात. तो महिना कसा गेला असेल ते न वाचताच कळतं.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तीही बायकांच्या मासिकाची आहे. फिलाडेल्फिया शहरातून 'गोडीज लेडीज बुक' नावाचं मासिक १८३० पासून निघत होतं. सेरा जोसेफा हेल या बाईंनी ते १८३७ पासून चाळीस वर्षं चालवलं. त्यात कपड्यांच्या नव्या तऱ्हांची चित्रं असत, झालरीच्या झग्यातल्या सुंदर बायका. घरच्या बायकांचं वाचून झालं की ते अंक जहाजावर जायचे. तिथं खलाशी काय करी? चित्राचा कागद देवमाशाच्या घासून गुळगुळीत केलेल्या दातावर चिकटवायचा आणि बाईच्या आकृतीच्या कडेनं टाचणीनं टोचत जायचं. कागद काढला की दातावर टिंबंच टिंबं. ती रेघांनी जोडायची, काजळी भरायची. रांगोळीचा छापाच म्हणा ना. संग्रहालयात मांडलेल्या कितीतरी दातांवरच्या बायका या अशा मासिकांतून उतरलेल्या आहेत. फ्रेडरिक मायरिक नावाच्या नॅन्टकेटच्या खलाश्यानं 'सूझन' या जहाजावर १८२८-२९ मध्ये केलेल्या कामावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, म्हणून तो आज माहीत आहे. पण नाव घालणारे असे थोडेच.

कापलेल्या कागदाचं तर त्याहून वाईट. तो टिकतच नाही, आणि टिकला तर नाव नसतं. तरी जे उरलेत ते पाहण्यासारखे आहेत. गोल कागद घ्यायचा, आपण मघाशी घातल्या तशा घड्या, आणि बारीक कात्रीनं नाहीतर लेखणी तासायच्या चाकूनं कातरायचं. उलगडला की बदामांची रांग, पक्ष्यांच्या जोड्या, मध्ये चांदणी. काहींना टाचणीनं टोचून जाळीसारखं केलेलं. मग कडेनं शाईनं चार ओळी, गोल फिरवत लिहिलेल्या. वाचायला कागद हातात फिरवत राहावा लागतो. काहींवर एकच पट्टी वळत वळत स्वतःत गुंतलेली, सुरुवात ना शेवट, तिच्या पोटात अक्षरं. प्रेमाची गाठ म्हणत तिला. आणखी एक तऱ्हा होती ती घडीच्या पुरचुंडीची. त्या काळी टपालाचा खर्च किती पानं यावरही ठरायचा, आणि तो बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. इंग्लंडात १८४० साली एक पेनीचं तिकीट आल्यावर ते बदललं. म्हणून पाकीट नाहीच, एकच कागद, त्याचीच घडी, तेच पत्र आणि तेच पाकीट. एक घडी उघडली की एक चित्र, दुसरी उघडली की दुसरं, अगदी आत मनातली गोष्ट.

जुन्या वस्तूंच्या बाजारात असा एखादा कागद आला, त्यावर जहाज, नांगर किंवा होकायंत्राचं फूल असलं, की व्यापारी खाली चिठ्ठी लावतो: खलाश्याचं काम. खरं असेलही. पण शाळेतल्या मुली, मास्तर, शेतकरी, सगळेच असे कागद कापत होते. नांगर काय, किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोरीला काढता येतो. मग ही चिठ्ठी एवढ्या खात्रीनं का लागते? समुद्र, वादळ, एकटा खलाशी, अशी कहाणी जोडली की वस्तूला भाव येतो, हे एक. दुसरं कारण सांगायच्या आधी, मागं राहिलेल्या बायका काय करत होत्या ते पाहू.

त्या वाट पाहत बसल्या नव्हत्या. तीन-चार वर्षं घरात कमावतं कोणी नाही म्हटल्यावर नॅन्टकेटच्या बायकांनी दुकानं चालवली. गावाच्या सेंटर स्ट्रीटवर बायकांची इतकी दुकानं झाली की त्या रस्त्याला लोक पेटिकोट रो म्हणायला लागले, म्हणजे परकर गल्ली. नाव चेष्टेनं पडलं असेल, पण गाव त्या गल्लीवर चालत होतं. हिशोब, उधारी, माल मागवणं, सगळं त्यांच्याकडं. बचत गटाच्या वहीवर सही करणाऱ्या बायांना ती गल्ली डोळ्यांपुढं आणायला कष्ट पडू नयेत.

आणि त्या शिवत होत्या. होकायंत्राचं ते बत्तीस टोकांचं फूल त्यांनी कापडात उतरवलं. त्या प्रकारच्या गोधडीला अजूनही दर्यावर्दीचं होकायंत्र हेच नाव आहे. ज्यांनी तुकडे जोडलेत त्यांना विचारा, चौकोन जोडणं सोपं, निमुळती टोकं जोडणं महाकठीण. एक टोक दोऱ्याएवढं सरकलं की मध्ये कापड फुगतं. शाईची रेघ चुकली तर खरवडता येते, इथं सगळं उसवावं लागतं. ठिगळ नेमकं यावं म्हणून त्या काही कामांत आधी कागदाचे तुकडे कापत, कापड त्यावर दुमडून टाके घालत आणि मग तुकड्याला तुकडा जोडत. कागद कुठला? घरातलाच. जुनी पत्रं, वर्तमानपत्रं, हिशोबाची पानं. काही जुन्या गोधड्या अर्धवट राहिल्या आणि ते कागद आतच राहून गेले. आज अभ्यासक त्यांवरच्या तारखा वाचून गोधडीचं वय काढतात. म्हणजे कापलेल्या कागदाचं काम तिकडं जहाजावर चाललं होतं तसं इकडं गोधडीच्या पोटातही चाललं होतं. पण तिकडच्यावर चिठ्ठी लागली कलेची, आणि इकडचं अस्तराखाली.

आता ती दुसरी गोष्ट. वेस्ट इंडीजमध्ये बार्बेडोस नावाचं बेट आहे. उसाचे मळे, त्यात आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. गुलामी कायद्यानं १८३४ साली संपली, तरी उमेदवारीच्या नावाखाली राबवणं १८३८ पर्यंत चाललं. या बेटावर जहाजं पाणी-शिधा घ्यायला थांबत. साधारण १८३० पासून पुढची पन्नास-साठ वर्षं तिथून खलाशी एक वस्तू घरी नेत. लाकडाची आठ कोनी पेटी, पुस्तकासारखी बिजागरीनं उघडणारी. आत समुद्राचे शिंपले, कवड्या, इवल्या शंखांची नक्षी, रंगांच्या छटा निवडून लावलेली. मध्ये बदाम नाहीतर होकायंत्राचं फूल, भोवती फुलांची वेल, आणि शिंपल्यांच्याच अक्षरांत मजकूर: माझी आठवण ठेव. वर काच. आपण कागदावर पाडलेल्या आठ वाटण्या आठवा, तशाच इथं. घरोघरी, पुढं संग्रहालयांत, सगळीकडं एकच सांगितलं जायचं की ही पेटी खलाश्यानं लांबच्या सफरीत, एकटा बसून, घरच्या आठवणीनं केली. नावच पडलं खलाश्यांची प्रेमभेट.

मग एकदा अशी एक पेटी दुरुस्तीला उघडली, तर शिंपल्यांच्या पाठीमागं वर्तमानपत्राचा कागद निघाला. वर्तमानपत्र बार्बेडोसचं. दुसऱ्या काही पेट्यांवर दुकानाची छापील चिठ्ठीही सापडली: बेलग्रेव्ह यांचं न्यू क्युरिऑसिटी शॉप, ब्रिजटाउन, बार्बेडोस. ज्युडिथ कूलिज ह्यूज या बाईंनी १९६१ साली 'अँटिक्स' नावाच्या मासिकात हे सगळं मांडलं. शिंपलेही त्याच बाजूचे. पेट्या जहाजावर झाल्याच नव्हत्या. दुकानात विकत मिळत होत्या, आणि त्या बेटावरच्या बायका करत होत्या, असं आता अभ्यासक मानतात.

विचार करा. शिंपले वेचायचे, धुवायचे, रंगाप्रमाणे निवडायचे, एवढाल्या कणाएवढ्या शंखांच्या रांगा लावायच्या. ज्यांच्या आया गुलामीत जन्मल्या, त्यातल्या काही स्वतःही, त्या बायकांचे हात यात असणार. दुकानदाराचं नाव चिठ्ठीवर राहिलं. विकत घेणाऱ्याचं नाव वस्तूलाच पडलं. करणारीचं एकही नाव पेटीवर नाही. त्या वेळी काही कोणी ठरवून खोटं बोललं नव्हतं. खलाशी म्हणाला असेल, "तुझ्यासाठी आणलं," आणि पुढच्या पिढीत त्याचं "तुझ्यासाठी केलं" झालं असेल. एवढंच पुरतं.

हे वाचताना आमच्यातल्या दोघी एकदम एकमेकींकडं बघायला लागल्या. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका प्रदर्शनात आमच्या गटाच्या गोधड्या ठेवल्या होत्या. आम्ही मांडणीच्या मागंच उभ्या होतो. वर पाटी होती, पारंपरिक ग्रामीण कला. एका गिऱ्हाईक बाईंनी चांगलं निरखून विचारलं, ही कुणी केली? मांडणी लावणारे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडच्या बायका करतात." ज्यांनी केली त्या दोन हातांवर होत्या. बोललो का आम्ही? नाही बोललो. परतीच्या एसटीत मात्र खूप बोललो. तेव्हापासून गटातल्या बहुतेक जणी गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आपलं नाव आणि साल घालतात. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी अजून तयार नाहीत. म्हणतात, "ऊब लागली म्हंजे झालं, नाव काय अंगावर घ्यायचंय?" त्या नावाऐवजी एक छोटा मोर टाचतात. पण मोर त्यांचाच आहे, हे आता पंचक्रोशीत ठाऊक झालंय.

नाव राहिलं तर काय कळतं, त्याची एक वही नॅन्टकेटला आहे. सूझन व्हीडर या कप्तानाच्या बायको. घरी राहण्याऐवजी त्या १८४८ साली नवऱ्याबरोबर 'नॉटिकॉन' या जहाजावर चढल्या आणि पाच वर्षं समुद्रावर राहिल्या. त्यांनी रोजनिशी ठेवली आणि तिच्यात चित्रं काढली, रंग भरून. बेटं, किनारे, बंदरं, जहाजावरून जशी दिसली तशी. मालिम लोक किनारा ओळखायला आकृती काढत, तसंच काहीसं, पण बाईच्या नजरेचं. सफरीतच, चिलीच्या किनाऱ्यावरच्या बंदरात, त्यांना मुलगी झाली. ती दीड वर्षाचीही झाली नव्हती, तेव्हा ताहितीला वारली. जहाजाला तेल भरायचं होतं, ते पुढं निघालं आणि १८५३ पर्यंत फिरत राहिलं. सूझनबाईही लिहीत राहिल्या, किनारे काढत राहिल्या. वही नॅन्टकेटच्या इतिहास संस्थेत ठेवली आहे, त्यांच्याच नावानं.